टनाला दीड रुपया

1925 साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कायदेमंडळाने एका गवताच्या नावाने कायदा केला: बांबू कागद उद्योग (संरक्षण) कायदा. आदल्याच वर्षी पोलादाला असे संरक्षण मिळाले होते. पोलाद म्हणजे रेल्वे, पूल आणि तोफा, त्यामुळे त्याचे कुणाला नवल वाटले नसेल. पण डोंगरउतारावर आपोआप वाढणाऱ्या, फार तर बुरुडाच्या कोयत्याखाली जाणाऱ्या वेळूसाठी परदेशी लिहिण्याच्या आणि छपाईच्या कागदावर रत्तलामागे एक आणा, म्हणजे टनाला 140 रुपये जकात बसली, हे निराळे होते.

ही शिफारस तीन जणांच्या टॅरिफ बोर्डाची होती. अध्यक्ष जॉर्ज रेनी, सोबत पदमजी गिनवाला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक वामन गोविंद काळे. तिघांसमोर कलकत्त्याचे गिरणीमालक, कागदाचे आयातदार आणि जंगल खात्याचे तज्ज्ञ साक्षी देऊन गेले. सगळ्या कागदालाच सरसकट आडोसा देण्याइतका भक्कम दावा बोर्डाला दिसला नाही. मात्र बांबूच्या लगद्याला भविष्य आहे, त्याला हात दिला तर देश कागदाच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभा राहील, असे त्यांचे मत पडले.

पुढे तसे झालेही. कागद झाला, भरपूर झाला. परदेशी कागदाचा भाव सरकारने जकातीने चढवला होता. देशी बांबूचा भाव त्यानंतरच्या सरकारांनी जवळपास फुकटावर आणून ठेवला. भारतातल्या कागद उद्योगाची पुढची साठ-सत्तर वर्षे या दोन भावांच्या मधल्या जागेत घडली.

कच्च्या मालाचे रडगाणे त्याही आधीपासूनचे. जुन्नर आणि दौलताबादच्या कागदी घराण्यांनी जुनी गोणपाटे, सुतळ आणि चिंध्या कुजवून, कुटून, चौकटीवर लगदा उचलून जो कागद काढला, त्यावर पेशवाईची दप्तरे उभी राहिली. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा त्याच धंद्याची खूण आहे. पण हा कागद एकेक ताव करून निघायचा, आणि छापखान्याला लागत होते ढीग. बंगालात श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांना, म्हणजे विल्यम केरीच्या मंडळींना, ही अडचण सर्वांत आधी जाणवली. देशी कागदाला तांदळाची खळ असे, त्यामुळे छापलेली पुस्तके कसर आणि वाळवी फस्त करून टाकी. त्यांनी स्वतःची गिरणी घातली. ती चालायची माणसांच्या पायांनी: टोळ्या आळीपाळीने मोठ्या चाकावर चढून ते फिरवत ठेवायच्या. त्या चाकात सापडून एक मजूर मेला. मग 1820 साली इंग्लंडातल्या बोल्टनहून बारा अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन आले, आणि ते बघायला लोकांची रीघ लागली. भारतातल्या यांत्रिक कागदाच्या जमाखर्चात पहिली नोंद एका मजुराच्या जिवाची आहे.

मोठ्या गिरण्या आल्या त्या 1870 नंतर. हुगळीकाठी बाली, लखनौला अपर इंडिया कूपर, 1882 ची टिटागढ, पुण्याजवळ मुंढवा, राणीगंजची बंगाल पेपर मिल. या बहुतेकांचा जीव अडकला होता सबई नावाच्या गवतात. साहिबगंजच्या टेकड्या आणि नेपाळची तराई इथून भारे बांधून ते कलकत्त्याला यायचे. गवत उत्तम, कागदही चांगला निघे. पण ते विखुरलेले उगवे, वर्षातून ठरावीक महिनेच कापता येई, आणि रेल्वेचे भाडे भरताभरता मालक मेटाकुटीला येत. याच काळात स्वीडन-नॉर्वेने लाकडाचा लगदा करण्याची रासायनिक कृती पक्की केली आणि युरोपचा कागद जहाजे भरभरून मुंबई-कलकत्त्याच्या बंदरात उतरू लागला. किमतीत त्याच्यापुढे सबईचा टिकाव लागेना.

बांबूचा विचार कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता असे नाही. इंग्लंडात एस्पार्टो गवताचा कागद रूढ करणाऱ्या थॉमस राउटलेजने 1875 सालीच बांबूची तरफदारी करणारी पुस्तिका काढली. पण त्याला हवे होते कोवळे कोंब. कोंबच तोडले तर बेट उरणार कसे? पक्का बांबू घ्यावा, तर त्याची पेरे आडवी येत. कांड्याचा भाग शिजून मऊ होई, पेर मात्र भट्टीतून दगडासारखे जसेच्या तसे बाहेर पडे. काहींनी पेरे करवतीने कापून टाकण्याचा सल्ला दिला. एकेका बांबूला डझनावारी पेरे. हा सल्ला देणाऱ्याने स्वतः एक गाडीभर बांबू कापून पाहिला असता तर बरे झाले असते.

कोडे सुटले डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत. विल्यम रेट हा तिथला लगद्याचा जाणकार. त्याने दोन साध्या गोष्टी केल्या. बांबू कापण्याऐवजी रुळांखाली चिरडला. पेर फुटले की रसायनाला आत शिरायला वाट मिळते. आणि एकाच तीव्र कॉस्टिकमध्ये सगळे एकदम उकळण्याऐवजी शिजवण्याचे टप्पे केले. बांबूत पिष्टमय पदार्थ भरपूर. ते कॉस्टिक खाऊन टाकतात आणि लगद्याला तपकिरी डाग देतात. म्हणून आधी सौम्य द्रावाने ते धुऊन काढायचे, मग जोरकस द्रावाने तंतूंना जखडणारे लिग्निन सोडवायचे. लगदा उजळ निघे, विरंजनाचा खर्च वाचे. 1912 मध्ये रेटचा अहवाल वनखात्याच्या नोंदींत छापला गेला. त्याच वर्षी त्याच संस्थेतल्या आर. एस. पिअर्सनने कुठल्या जंगलात किती बांबू आहे, तो नदीने की रेल्वेने आणता येईल, याचा हिशेब मांडला. एकाने भट्टीचा प्रश्न सोडवला, दुसऱ्याने वाहतुकीचा. बांबू पुन्हा उगवायला किती वर्षे लागतात आणि तो आधीपासून कोण वापरतो, हे दोन प्रश्न मात्र मागच्या बाकावर बसून राहिले.

पहिल्या महायुद्धात आयात आटली, कागद महागला, आणि बांबूत पैसा घालायला माणसे तयार झाली. कलकत्त्याजवळ नैहाटीला इंडिया पेपर पल्प कंपनीने 1922 च्या सुमारास बांबूचा लगदा व्यापारी प्रमाणावर काढायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर परदेशी कागद पुन्हा स्वस्त झाला आणि नवी गिरणी अडचणीत आली. टॅरिफ बोर्डापुढचा अर्ज या अडचणीतून निघाला होता.

संरक्षण मिळाल्यावर गिरणीमालकांनी जे केले ते व्यापारी माणूस करतोच. जकात कागदावर होती, लगद्यावर नव्हती. तेव्हा त्यांनी युरोपातून लाकडाचा लगदा मागवला, त्याचा कागद इथे काढला आणि बांबूच्या नावाने मिळालेली सवलत खिशात टाकली. 1932 साली कायद्याची मुदत वाढवताना सरकारने ही फट बुजवली आणि आयात लगद्यावर टनाला 45 रुपये जकात लावली. मग मात्र गिरण्या खरोखरच जंगलाकडे वळल्या. सहारनपूर, भद्रावती, ब्रजराजनगर, निजामाच्या मुलखातले सिरपूर ही नावे याच दशकातली. सिरपूरच्या गिरणीमुळे शेजारच्या वस्तीचे नावच कागजनगर पडले. दुसऱ्या महायुद्धाने उरलासुरला संकोच घालवला. 1942 च्या नोव्हेंबरात सरकारने गिरण्यांच्या उत्पादनातला 90 टक्के कागद स्वतःसाठी अडवला. लोकांसाठी उरला दहावा हिस्सा. वर्तमानपत्रांची पाने रोडावली, आणि कागद देशातच झाला पाहिजे हे राजकारण्यांपासून शाळामास्तरांपर्यंत सर्वांना पटले.

स्वातंत्र्यानंतरची भूक निराळीच होती. 1951 साली देशात 17 गिरण्या होत्या आणि त्यांची क्षमता वर्षाला 1 लाख 37 हजार टन. शाळा वाढणार, कचेऱ्या वाढणार, मतदारयाद्या छापायच्या, पंचवार्षिक योजनेचे खंडच्या खंड छापायचे. वर्तमानपत्राचा कागद तर पूर्णपणे परदेशी. त्याची पहिली गिरणी तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, बुऱ्हाणपूरजवळ नेपानगरला निघाली. 1947 मध्ये खासगी कंपनी म्हणून सुरू झालेला हा घाट मालकांना झेपला नाही, दोन वर्षांत प्रांतिक सरकारने तो हाती घेतला. 1955 मध्ये कागद निघू लागला आणि पुढच्या एप्रिलात नेहरूंनी उद्घाटन केले. तिथे सालईचे लाकूड दळून त्यात बांबूचा लगदा मिसळत. डिंकासाठी आणि जळणासाठीच ओळखल्या जाणाऱ्या सालईवर देशातली सकाळची बातमी छापली जाऊ लागली, आणि 1981 पर्यंत ही देशातली एकमेव न्यूजप्रिंट गिरणी होती.

बल्लारपूरची गिरणी 1945 ची. चांदा जिल्ह्यातली ही जागा कागदासाठी जणू हेरून ठेवलेली: वर्धा नदीचे पाणी, शेजारी दगडी कोळसा, दारातून मद्रासकडे जाणारी रेल्वे, आणि पूर्वेला आजच्या गडचिरोलीपर्यंत पसरलेले बांबूचे रान. करमचंद थापर यांच्या समूहाकडे ती आली आणि पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या कागद कंपन्यांपैकी एकीचे नावच या गावावरून पडले. दक्षिणेला काळी नदीकाठी दांडेली इथे 1955 मध्ये वेस्ट कोस्ट पेपर मिल्सची नोंदणी झाली, तेव्हा उत्तर कन्नड जिल्हा मुंबई राज्यात होता. केरळात ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या सरकारने बिर्लांना पाचारण केले. मावूरच्या त्या गिरणीत कागद नव्हे, रेयॉनसाठीचा लगदा व्हायचा. पण कच्चा माल तोच. बांबू टनाला एक रुपया. साम्यवादी सरकार आणि देशातला बडा भांडवलदार यांचे ज्या एका गोष्टीवर बिनबोभाट जमले, ती गोष्ट म्हणजे बांबूची किंमत.

दांडेलीला दर टनाला दीड रुपया पडला. त्याच बांबूसाठी बाजारात बुरुडाला टनामागे याच्या शेकडो पट मोजावे लागत. असे दर का दिले गेले, याला कुणाची लाच हे एकच उत्तर पुरत नाही. मागास जिल्ह्यात कारखाना यावा म्हणून राज्याराज्यांत चढाओढ होती. जंगल खात्याच्या जुन्या शिकवणीत साग म्हणजे संपत्ती आणि बांबू म्हणजे सागाच्या वाढीत येणारे तण. तणाला कुणी दोन पैसे देत असेल तर घ्यावेत, असा हिशेब. आणि 1927 च्या वन कायद्याने ‘झाडा’च्या व्याख्येत बांबू घालून ठेवला होता. गवत झाड ठरले की त्याचा मालक सरकार. रानात पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या, सूप, तट्टे, घराचे कूड बांबूने करणाऱ्यांच्या हाती उरला तो निस्ताराचा, म्हणजे घरगुती गरजेपुरता हक्क, आणि तोही खात्याच्या मर्जीवर.

करारात तोडीचे नियम चोख होते. यंदाचा कोंब तोडायचा नाही, नव्याला आधार म्हणून काही जुने बांबू राखायचे, बुंध्याजवळून ठरावीक उंची सोडून कापायचे, एका कूपात, म्हणजे तोडीच्या पट्ट्यात, तीन-चार वर्षांनीच परत यायचे. पण तोड करणारा मजूर दूरवरून आणलेला, मजुरी नगावर. बेटात जुने बांबू मध्ये गुंतलेले असतात आणि नवे बाहेरच्या कडेला येतात. नगावर पैसे मिळणारा माणूस आधी कडेचे बांबू घेणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. बेटे बाहेरून सोलली गेली आणि आतून गुदमरली.

बोभाटा झाला तो 1970 च्या दशकात. कर्नाटकातले मेदार, म्हणजे तिथले बुरूड, बांबू मिळेनासा झाला म्हणून सरकारकडे गेले. राज्याचे अर्थमंत्री एम. वाय. घोरपडे हे संडूरच्या मराठा संस्थानिक घराण्यातले, वन्यजीवांचे नामांकित छायाचित्रकार. रान त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नुकतेच रुजू झालेल्या माधव गाडगीळ यांना चौकशी करायला सांगितले. खाते आणि गिरणी यांचे म्हणणे ठरलेले होते: गावकऱ्यांची गुरे आणि गावकऱ्यांची चोरटी तोड यांनी बांबू संपवला.

गाडगीळ आणि एस. नरेंद्र प्रसाद उत्तर कन्नडच्या रानात बेटे मोजत फिरले. तिथल्या काटेरी बांबूच्या बेटाला तळाशी फांद्यांचे दाट जाळे असते. गिरणीची माणसे ते साफ करून टाकत: तोडायला सोपे जाते आणि मोकळ्या बेटात वाढही चांगली होते, असा त्यांचा दावा. गावकरी सांगत की हे काटे म्हणजे बेटाचे कुंपण, ते काढले की कोंब उघडा पडतो. प्रत्यक्ष पाहणीत गावकरी खरे ठरले. साफ केलेल्या बेटांतले कोवळे कोंब साळिंदर, वानरे आणि गुरे खाऊन जात. काटे राखलेल्या बेटांतले कोंब वर चढत. शिवाय गिरणीला जंगल बांधून देताना बांबूच्या साठ्याचा जो अंदाज धरला होता, तो कितीतरी फुगवलेला निघाला. नसलेल्या बांबूवर कारखान्याची क्षमता ठरली होती.

कच्चा माल इतका स्वस्त असल्यावर तो जपावा असे गिरणीला का वाटावे? दीड रुपये टनाच्या बांबूची लागवड करणे हा व्यापारी दृष्टीने शुद्ध वेडेपणा ठरला असता. एक रान संपले की पुढचे. नजीकच्या डोंगरातून शेजारच्या जिल्ह्यात, तिथून शेजारच्या राज्यात, आणि अखेर ईशान्येपर्यंत दक्षिणेतल्या गिरण्यांची खरेदी पोहोचली. वाहतुकीला टनामागे शेकडो रुपये मोजायची तयारी होती. रानाला मोजायची नव्हती.

केंद्राने ईशान्येतच सरकारी गिरण्या घालायचे ठरवले. 1970 मध्ये हिंदुस्तान पेपर कॉर्पोरेशन निघाले. नागालँडमध्ये तुळी, आसामात नगाव आणि कछार. तुळीची गिरणी 1992 मध्येच थांबली. कछारची 2015 मध्ये आणि नगावची 2017 मध्ये बंद पडली, आणि कामगारांचे थकलेले पगार हा आसामच्या राजकारणात कायमचा विषय होऊन बसला. मावूरला चालियार नदीचे पाणी नासले, संप आणि टाळेबंदी झाली, शतक संपता संपता गिरणीला कुलूप लागले. संरक्षणाच्या काळात सर्वांत जास्त फायदा झालेली टिटागढही तगली नाही.

1988 चे राष्ट्रीय वनधोरण हे या कथेतले खरे वळण. नैसर्गिक जंगलातला माल उद्योगांना सवलतीने द्यायचा नाही, उद्योगांनी तो शेतकऱ्यांकडून लावून घ्यावा, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. धोरणे लिहिली जातात तशी हेही कपाटात राहिले असते. पण तोवर बांबू खरोखरच संपत आला होता, त्यामुळे अंमलबजावणी आपोआप झाली! आंध्रात भद्राचलमच्या गिरणीने निलगिरीची निवडक रोपे शेतकऱ्यांना पुरवली. सुबाभूळ आणि सुरूही बांधावर आले. तमिळनाडूने उसाच्या चिपाडावर सरकारी गिरणी चालवून दाखवली. उरलेल्यांनी रद्दीचा रस्ता धरला. आज देशात होणाऱ्या कागदापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कागद रद्दीपासून होतो. ज्या गवतासाठी 1925 चा कायदा झाला, त्याचा वाटा आता किरकोळ उरला आहे.

शेतकऱ्याच्या झाडाला गिरणी जो भाव देते, त्याबद्दल तक्रारी आहेत आणि त्या रास्तही असतात. पण निदान तिथे विकणारा माणूस समोर असतो, नको म्हणू शकतो. रानातल्या बांबूच्या बाबतीत हा माणूस उभा राहायला आणखी वीस वर्षे लागली, आणि तो उभा राहिला बल्लारपूरच्याच जुन्या पुरवठा-क्षेत्रात.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने इथल्या ग्रामसभेने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय लावून घेतली, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली, आणि आपल्या शिवारातल्या जंगलात कागद गिरणीची तोड नव्वदच्या दशकातच रोखली. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला आणि 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर विकायला वाहतूक परवाना लागे, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. खात्याचे म्हणणे, बांबू हे झाड आहे. 1927 चा कायदा त्यांच्या बाजूने होता, 2006 चा गावाच्या.

हा तिढा सुटायला केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले. मार्च 2011 मध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज माना असे कळवले. 27 एप्रिलला ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. देशात हे पहिल्यांदाच घडत होते. त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा बांबूचा लिलाव स्वतः पुकारू लागल्या: तोडीची मजुरी, स्वामित्वशुल्क, कुठले बेट राखायचे, सगळे सभेत ठरते. बोली लावणाऱ्यांत कागदवाले आहेत आणि मंडप, अगरबत्ती, चटई, बांधकाम यांचे व्यापारीही.

दरम्यान बल्लारपूरचे नाव मिरवणारी मूळ कंपनी कर्जाखाली आली आणि 2020 मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात पोहोचली. 2017 मध्ये संसदेने 1927 च्या कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू काढून टाकला. त्यामुळे शेतात बांबू लावणाऱ्याची परवान्याच्या कटकटीतून सुटका झाली. रानात उगवणारा बांबू मात्र झाड राहिला नसला तरी वन कायद्याच्या लेखी अजून वनखात्याच्या ताब्यातले वनोपज आहे आणि वनहक्क कायद्याच्या लेखी गावाचे गौण वनोपज, आणि ज्या गावांचे दावे अजून मंजूर व्हायचे आहेत तिथे यातले कुठले वाचायचे ते आजही वनखात्याच्या टेबलावर ठरते.